दादाची निगेटिव्ह

२ फेब्रुवारी

यंदाची वही वाईट निघाली. रेघा इतक्या फिक्या छापल्यात की नसल्यातच जमा. दुकानदाराला म्हटलं, तर त्याने वही उलटसुलट करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि "बदलून देऊ का?" म्हणाला. नको म्हटलं. रेघांवाचून कुणाचं अडतंय?

आज पुतणी आली होती, दादाची मुलगी. एका जागी बसणं तिला लहानपणापासून माहीत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पस्तिशीची झाली तरी तेच. तिला लांबच्या देशात नोकरी लागली आहे. पाच वर्षांचा करार, तीस मार्चला निघायचं.

"काका, मला बाबांचा फोटो हवा," म्हणाली. "सगळे म्हणतात मी त्यांच्यासारखी दिसते. मला ते तोंड बघायचंय."

दादा गेला तेव्हा ती आठ महिन्यांची होती. त्याचा फोटो कुठेच नाही. गावातला एकुलता एक फोटोग्राफर स्वतः लग्नाला उभा, मग फोटो काढणार कोण? आयुष्यभर तो कॅमेऱ्याच्या मागे राहिला. फक्त एकदा मी त्याचा फोटो काढला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, तो पंचवीसचा. लेन्सचं छिद्र बारीक ठेवलं, उजेड कमी पडला आणि निगेटिव्ह पाण्यासारखी पातळ आली. दोरीवर वाळत घातलेली बघून दादा म्हणाला होता, "यात मी कमी आणि काच जास्त." तिचा फोटो कधी छापलाच नाही.

"देतो," म्हटलं मी भिंगरीला. इतक्या पटकन म्हटलं की हिने ब्रश थांबवून माझ्याकडे पाहिलं. ही खिडकीपाशी बसून छापलेल्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरते. तेहतीस वर्षं तेच काम. लग्न होऊन ती आली ती दादा गेल्यानंतर. दादाला तिने पाहिलेलं नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी कपाट उघडलं. दादाची निगेटिव्ह, खुणेसाठी कोपरा कापलेली, दुधी काचेच्या पेटीवर ठेवली आणि खालचा दिवा लावला.

खिडकीच्या जागी राखाडी धूर. धुराच्या कडेला माणूस आहे असं धरून चाललं तर माणूस. ती पातळ आहे हे मला माहीतच होतं. पण बारा वर्षांपूर्वी शेवटची पाहिली तेव्हा कपाळ होतं, नाक होतं, कॉलर होती. ते गेलं कुठे? पेटीतला साठचा दिवा काढून शंभरचा घातला. काही फरक नाही. हल्ली दिवेसुद्धा पूर्वीसारखे येत नाहीत.

निगेटिव्ह उडते आहे. फिल्मवर हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायचं औषध, राहिला तर तो वर्षानुवर्षं चांदी खात बसतो आणि चित्र विटत जातं, हे दादानेच शिकवलेलं. पण ही त्याने स्वतः धुतलेली. त्याच्या हातून हायपो राहणं शक्य नाही.

४ फेब्रुवारी

मला तोंडपाठ आहेत अशा निगेटिव्ह काढून पाहिल्या. टपाल कचेरीचा ग्रुप. मुख्याध्यापकांची आई. जुळ्या बहिणी. सगळ्या फिक्या. जुळ्यांतली डावीकडची तर जवळजवळ गेलीच.

तोंडचं पाणी पळालं. त्या कपाटात सगळ्या गावाची चाळीस वर्षं आहेत.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, हिलाही नाही. दादा गेल्यानंतर पाचव्या वर्षी पाण्याची टंचाई झाली होती. नळाला दिवसातून वीस मिनिटं पाणी. दादाचा नियम होता की फिल्म वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवायची. मी दोन बादल्यांत बुचकळून टांगत होतो. वर्षभर. गिऱ्हाइकांना काय कळतंय, असं वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझी चोरी खरोखरची आहे. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तसं त्या वर्षाच्या पाकिटांनी कपाट नासवलं. दादालासुद्धा सोडलं नाही.

७ फेब्रुवारी

टपाल कचेरीचा ग्रुप छापून पाहिला. मळकट. सगळे धुक्यात उभे. हिला दाखवला.

"छान आलाय की. पोस्टमास्तरांच्या कोटाची बटणंसुद्धा मोजून घ्या."

हिला खोटं बोलता येत नाही, पण आज माझ्यासाठी बोलली. माझा चेहरा बघून घाबरली असावी. मी किती घाबरलोय हे तिला सांगणं बरं नाही.

१० फेब्रुवारी

उपाय एकच. निगेटिव्ह घट्ट करायची. एका नारिंगी औषधात टाकली की काळं चित्र विरून फिकट पिवळं होतं. मग पिवळा डाग जाईपर्यंत धुवायची आणि साध्या डेव्हलपरमध्ये पुन्हा काळी करायची. दुसऱ्यांदा उठते ती पहिल्यापेक्षा गडद. मात्र एकदा टाकली की माघार नाही. आणि दादा म्हणायचा, जे फिल्मवर उतरलंच नाही ते कुठल्याही औषधाने येत नाही.

दादाची लगेच टाकायची हिंमत नाही. कुणा गिऱ्हाइकाचीही नाही. आधी बेवारशी, कुणी न्यायला न आलेल्या निगेटिव्हवर हात बसवायचा. आज तीन केल्या. उठल्या! नाकडोळे दिसायला लागले. जिवात जीव आला.

१४ फेब्रुवारी

एकोणीस झाल्या. आज त्या औषधातलं ॲसिड ओतताना बाटलीचं तोंड आणि मापाचं तोंड यांची काही केल्या भेट होईना. मनगटावर सांडलं. हिने पाण्याखाली हात धरला, पट्टी बांधली, आणि म्हणाली, "एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

"भाजलाय हात. डोळ्यांचा काय संबंध?"

हिने उरलेली पट्टी गुंडाळून ठेवली. बायकांचं हे असं, दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे. चष्मा गेल्याच वर्षी नवा केलाय.

२१ फेब्रुवारी

मुख्याध्यापक आले. त्यांच्या आईचा मोठा फोटो मी मुद्दाम घट्ट केलेल्या निगेटिव्हवरून छापून दिला होता, तो परत घेऊन आले.

"रागावू नका," म्हणाले, "पण आमच्या आईला नाक होतं."

"आहे की नाक."

"कुठे? अर्धं तोंड चुना आणि अर्धं कोळसा. पूर्वी तुम्ही काढून दिलेला केवढा मऊ होता."

सवय नाही लोकांना खणखणीत फोटोची. तरी ते गेल्यावर ती निगेटिव्ह पुन्हा काचेवर ठेवली. त्यांच्या आईची निगेटिव्ह मी पहिल्यांदा पुरेशी उठली नाही म्हणून दोनदा औषधात घातली होती. अजून पातळच आहे की काय?

२ मार्च

त्रेसष्ट झाल्या. रात्रंदिवस एकच भीती, की मी इकडे एक वाचवतो तोवर तिकडे दहा उडत असतील. जेवताना कपाटाचा विचार. अंघोळ करताना कपाटाचा विचार. आज बाजारात समोरून शिंपी येऊन "काय, ओळख सोडली का?" म्हणाला. डोक्यात कपाट असल्यावर माणूस कसला दिसतो! संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला गोल कडं पडलेलं असतं. हवेत काहीतरी आहे. तेच कपाटात शिरत असेल का?

हिच्याशी भांडण झालं. "आता पुरे करा," म्हणाली. "चांगल्या चांगल्या घालवताय."

"तू ब्रश सांभाळ," म्हटलं. असं मी तिला कधी बोललो नव्हतो.

५ मार्च

उद्या दादाची. भिंगरी जायला पंचवीस दिवस राहिले, आणखी थांबलो तर घट्ट करायलाही काही उरणार नाही. हिला सांगितलं. ती उठून आत गेली. दुपारभर स्वयंपाकघरात कात्रीचा आवाज येत होता.

६ मार्च

पाकिटातून निगेटिव्ह काढली. कापलेला कोपरा बोटाला लागला, म्हणजे तीच. काचेवर ठेवली. काहीही नाही. धूरसुद्धा नाही. कोरी काच. तीन दिवे लावले, खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली. काल होता तो आज नाही.

तरी औषधात घातली, एखादा कण शिल्लक असेल तर उठेल म्हणून. एकदा घातली, दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा घालताना मी मोठ्याने "दादा, दादा" म्हणत होतो, हे ही दारात येऊन उभी राहिली तेव्हा कळलं. काही उठलं नाही.

७ मार्च

दादा गेला. त्या दोन बादल्यांनी नेला. भिंगरीला काय तोंड दाखवू?

८ मार्च

आज सकाळी हिने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि मांडीवर पाकीट ठेवलं.

"दादांची निगेटिव्ह यात आहे. तेरवा तुमच्या पाकिटात मी कोरी फिल्म घातली होती. तसाच कोपरा कापून."

मला आधी शब्दच कळले नाहीत. मग इतका संताप आला की उठलो आणि खुर्चीला अडखळलो.

"ती खुर्चीसुद्धा दिसली नाही तुम्हाला," ही म्हणाली. आणि रडायला लागली. "निगेटिव्ह उडत नाहीयेत हो. एकही नाही. तुम्हाला दिसत नाहीये. वहीच्या रेघा फिक्या, दिवे मंद, शिंपी ओळखू येत नाही. किती वेळा सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही 'दादा, दादा' करत होतात तेव्हाच सांगणार होते, पण तोंड उघडेना. मला भीती वाटली तुमची."

माझी भीती वाटली.

११ मार्च

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत दिवा धरून पाहिलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे. "कसे वावरत होतात आजोबा? दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसत असेल." मी म्हटलं, माझा धंदाच दुधी काचेचा. त्या हसल्या, मला हसू आलं नाही. ऑपरेशन नऊ एप्रिलला, आधी एक डोळा. त्यापूर्वीची तारीख नाही. सहसा चांगलंच होतं, म्हणाल्या. सहसा म्हणजे किती, हे विचारायचा धीर झाला नाही.

१३ मार्च

हिला म्हटलं, त्या त्रेसष्ट बघून मला खरं सांग. तिने एकेक काचेवर ठेवली. तासभर तिचा आवाज ऐकत होतो. "ही गेली. ही पण गेली. ही कदाचित मऊ कागदावर छापता येईल. ही गेली." जुळ्या बहिणी गेल्या. मुख्याध्यापकांची आई गेली. पाण्याच्या टंचाईच्या वर्षातल्या मात्र सगळ्या ठणठणीत आहेत. मी बादलीत बुचकळल्या त्या टिकल्या, आणि मी वाचवल्या त्या मेल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मुख्याध्यापकांना जाऊन सांगावं लागेल. त्याची वेगळी भीती.

१९ मार्च

भिंगरी तीसला निघणार, ऑपरेशन नऊला. म्हणजे दादाची निगेटिव्ह मला नीट दिसायला लागण्याआधीच करायची आहे, नाहीतर पाच वर्षांनी. पाच वर्षांत मी असेन का? ती खरंच पातळ आहे, हे ही सांगतेच. नुसत्या हार्ड, म्हणजे चित्र ठळक करणाऱ्या, कागदावर छापून पाहिली, चिखल झाला. म्हणजे औषध लागणारच.

"तू बघ, मी करतो," म्हटलं.

"आणि माझं चुकलं तर?"

"तर दोघांचं चुकलं."

आज सकाळी बसलो. आधी तिला एक युक्ती दाखवली. पातळ निगेटिव्ह काळ्या कापडावर तिरपी धरली की चांदी चमकते आणि चित्र सुलटं दिसतं, छापल्याशिवाय. बराच वेळ ती फिल्म हलवत होती. मग तिचा आवाजच बदलला.

"अहो. माणूस आहे इथे."

मला तो चेहरा ठाऊक आणि दिसत नाही. तिला दिसतो आणि ठाऊक नाही. मी एकेक विचारत गेलो. भुवया? जुळलेल्या. केस? कपाळावर बट आहे. हनुवटी? "भिंगरीची," ती म्हणाली.

मग औषध. ओतलं तिने, मी मापं सांगितली. निगेटिव्ह नारिंगीत सोडताना चिमटा माझ्या हातात होता, आणि तो सोडवेना. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत त्रेसष्ट वेळा बेधडक सोडला होता. आंधळा असताना भीती नव्हती, आता कळल्यावर आहे. हिने माझ्या बोटांवर हात ठेवला आणि चिमटा उघडला.

"पिवळं झालं. सगळं पिवळं झालं. चेहरा नाही राहिला." ती घाबरली.

"तसंच होतं. थांब." पण मीही घाबरलो होतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ट्रेमध्ये काय चाललंय ते माहीत नव्हतं. धुतली, डेव्हलपरमध्ये घातली, आणि मी सेकंद मोजत राहिलो.

"खिडकी काळी झाली. कॉलर आली. गाल येतोय. अजून. अजून थोडं." मग जवळजवळ ओरडलीच, "बस!"

दुसऱ्यांदा घालायची का, विचारलं. नको, म्हणाली. मी तिचं ऐकलं.

२१ मार्च

छापला. हार्ड कागद, एकवीस सेकंद. लाल दिव्यात मला ट्रेसुद्धा नीट दिसत नाही. हिनेच पाहिलं. चिमट्याने उचलून पाणी निथळू दिलं. मग म्हणाली, "देखणे होते हो." खाली अंधारात एक मोठा डाग राहिलाय, तो ब्रशने भरून टाकते म्हणाली. राहू दे म्हटलं, आधी भिंगरीला बघू दे.

२९ मार्च

भिंगरी आली. हिने फोटो तिच्या हातात दिला. पाय आपटल्याशिवाय जी मुलगी उभी राहू शकत नाही, ती निश्चल. मला फक्त तिचं श्वास घेणं ऐकू येत होतं.

"हे तर मीच आहे," शेवटी म्हणाली. रडली, हसली, पुन्हा रडली. मग विचारलं, "असे घाबरलेले का दिसतात पण?"

तेव्हा मी तिला सांगितलं. दादाचा कॅमेरा नवा होता. हात लावायची बंदी होती. तो वळला तेव्हा मी त्याच्या स्टुलावर चढून कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो, आणि स्टूल डगमगत होतं. तो "अरे, अरे!" करत धावला आणि त्याच क्षणी मी कळ दाबली. कॅमेरा पडेल म्हणून त्याचा जीव वरखाली झाला असणार. सत्तेचाळीस वर्षं हा किस्सा मी असाच सांगत आलोय.

भिंगरीने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "काका, कॅमेरा तुमच्या डोळ्याशी होता ना? वर?"

"हो."

"मग यांचा हात खाली का?"

"कुठला हात?"

"हा, काकूंना डाग वाटला तो." तिने माझा अंगठा धरून फोटोच्या खालच्या कडेवर ठेवला. "पंजा आहे. उघडा. तुमच्या गुडघ्याशी येतोय. ते कॅमेरा धरायला धावले नव्हते काका. तुम्हाला धरायला आले होते."

ही जवळ आली, फोटो उजेडात नेला. "हो हो," म्हणाली. "बोटं आहेत. बाई गं, मी भरून टाकणार होते."

मी रडलो, पुतणीसमोर, लेकीसारख्या मुलीसमोर, आणि मला लाज वाटली नाही.

जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, तो हात अंधारात आहे, थोडा उघडा करता येईल. दुसरी प्रत घेऊन जा. तिघंही डार्करूममध्ये गेलो. काळोखात जागा इतकी कमी की भिंगरीचं कोपर माझ्या बरगडीत. ऑपरेशनची भीती आहेच. नऊ तारखेनंतर पट्टी सुटली आणि त्यामागे पुन्हा धूरच असला तर, हा विचार दिवसातून शंभरदा येतो. तेव्हाही आला.

एखादी जागा फोटोत उजळ हवी असेल तर फोटो छापायच्या यंत्राच्या लेन्सखाली हात धरून तिथला उजेड अडवायचा असतो. दिवा लावला. मी हात आत घातला, पण कुठे धरायचा ते दिसेना.

"अजून खाली," ही म्हणाली. "जरा उजवीकडे. नाही, तेवढं नाही."

हात एका जागी ठेवायचा नसतो, सावलीची कड उमटते, म्हणून हलता ठेवावा लागतो. मला मुद्दाम हलवावा लागला नाही, तो थरथरतच होता.

"हां," भिंगरी म्हणाली. "आता धरलात."

सहा सेकंद मोजले. मग आणखी दोन.